एकाआड एक

हुकूम आला तो साध्या कागदावर:
पंधरा टक्के.
कारखान्यांना, कचेऱ्यांना, आम्हा दुकानवाल्यांना,
सगळ्यांना एकच आकडा.
बाकीचं ज्याचं त्याने बघायचं.

मी कुरामोची. तोक्योच्या पश्चिमेला,
स्टेशनसमोरच्या सहा मजली दुकानाचा वायरमन.
शिडी माझी, हातमोजे माझे
आणि जूनमधल्या अकरा रात्री माझ्या.
एक ट्यूब ठेवायची, एक काढायची,
विणताना मुद्दाम टाका सोडत जावा तशी.
एक हजार एकशे चौदा ट्यूबा
रद्दीत गुंडाळून तळघरात रचल्या.
रद्दी मार्च महिन्याची होती.
मथळे मी आतल्या बाजूला घेत गेलो.

सरकते जिने थांबवले.
थांबलेल्या सरकत्या जिन्यावर
पहिलं पाऊल प्रत्येकाचं चुकतं.
पाय तयारीत असतो, जिना नसतो.
माणूस जरासा पुढे झुकतो,
मग इकडेतिकडे बघून ओशाळं हसतो.
बँकेचे मोठे साहेब झुकले,
लग्नाची खरेदी करणारी मुलगी झुकली,
रोज वर-खाली करणारा मीसुद्धा.

एसी अठ्ठावीसवर.
आमचे तोनेगावासाहेब टाय न लावता आले,
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की त्यांना गळा आहे,
सोललेल्या मुळ्यासारखा पांढरा.
तळमजल्यावर पावडर-अत्तरं विकणाऱ्या नागासेबाईंना
मी म्हटलं, अंधारात धंदा कसा करणार?
त्या म्हणाल्या, अंधार कुठाय,
उजेडाने फक्त आवाज खाली केलाय.
आणि खरंच, त्या उन्हाळ्यात
आरशासमोर बायका जास्त वेळ बसायच्या.

ऑगस्टअखेर भिंतीवरच्या तक्त्यात
तांबडी पेन्सिल बावीस टक्क्यांवर टेकली.
साहेबांनी सगळ्यांना सातूच्या चहाचा एकेक डबा दिला.
कोमट.
फ्रीजही बंद होता ना.

त्याच रात्री यासुएताईचा फोन.
ती पाच महिने एका शाळेच्या जिमखान्यात,
पुठ्ठ्याच्या भिंतीआड, दोन चटयांच्या संसारात.
मी आपला बावीस टक्के, बावीस टक्के करत होतो.
ती ऐकत होती. मग म्हणाली,
चाळीस वर्षं आमच्या किनाऱ्यावर वीज झाली
ती सगळी तुमच्याकडे गेली,
आमच्या घरातला दिवा दुसऱ्याच कंपनीचा होता,
ठाऊक आहे ना तुला?
ठाऊक होतं.
वायरमनला ठाऊक नसून कसं चालेल?
आता इथे, ती म्हणाली,
रात्रभर दिवे चालू ठेवतात. नियम आहे.
डोळ्याला डोळा लागत नाही.
तू एवढ्या ट्यूबा काढल्यास,
आमची एक काढून जाशील?

रविवारी गेलो. चार गाड्या बदलून, हातमोजे खिशात.
पहारेकरी तरुण होता, म्हणाला परवानगी लागेल,
अर्ज लागेल, तो सोमवारी घेतात.
मग त्याने माझ्या बहिणीकडे बघितलं
आणि चहा प्यायला निघून गेला.
शिडी त्यांचीच होती, बास्केटबॉलच्या जाळीची.
छत फार उंच.
एक काढली.

खाली सात-आठ चटयांवर
सावलीचा चौकोन पडला.
कुणी बोललं नाही.
पलीकडून एक पोरगं, कुणाचं कोण जाणे,
आपली गोधडी फरपटत आलं,
त्या चौकोनात आडवं झालं.
ताई सरकली. जागा दिली.

दोन वर्षांनी दुकानात एलईडी आले.
जिने सुरू झाले; आता लोक
चालत्या जिन्यावर अडखळले, आठवडाभर.
तळघरातल्या ट्यूबा कुणालाच नको होत्या.
भंगारचा ट्रक आला.
पोरगा म्हणाला, आजोबा, काच वेगळी, कागद वेगळा.
मी खाली बसलो आणि एकेक उघडत गेलो.
एक हजार एकशे तेरा.
एक कुठे गेली, कुणी विचारलं नाही;
ती पहिल्याच रात्री माझ्या हातून फुटली होती.
मथळे आता बाहेरच्या बाजूला आले.
कागद वेगळा, म्हणाला होता.
वेगळा ठेवला.